पेंढा खाणारे जंतू

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एखादा शब्द मी घातला असेन, तेवढं चालतं.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत आम्ही भाताच्या पेंढ्याचं अल्कोहोल करणारे जंतू वाढवायचो. पुढेमागे त्यावर गाड्या चालणार होत्या. तेव्हा काचेच्या नळीत द्रव तोंडानंच ओढायची पद्धत होती. एकदा जरा जोरात ओढलं आणि घोटभर जंतू थेट पोटात.

मी धावत आमच्या प्रमुखांकडे, सामंत सरांकडे गेलो.

"सर, जंतू गिळले."

"कुठले?"

"पेंढ्याचे. नवीन."

सरांनी चष्मा काढला. "सकाळी काय खाल्लंस?"

"मेथीची भाजी."

"म्हणजे त्यांच्या जेवणाचीही सोय केलीस."

पोटात गुडगुडलं.

"सर, काही होईल का हो?"

"कसं सांगू रे? अजून उंदरालासुद्धा दिले नव्हते." आणि सर खो खो हसले. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता कबूल करतो, सरांचं हसणं तेवढं माझ्या पदरचं. ते हसले नव्हते. त्यांनी वही उघडली आणि माझ्या घरचा पत्ता लिहून घेतला.