गरीब दिसण्याची परीक्षा

...आणि वर मलाच विचारतात, "तुमची परिस्थिती नक्की बिकट आहे ना?" अहो, माझा बाप चार पावलं चालला की भिंत धरतो, हृदयाची झडप गेलीय, मुंबईला नेऊन लवकर ऑपरेशन करा म्हणून पनवेलच्या डॉक्टरांनी बजावलंय, अजून किती बिकट हवी? पण तुम्हाला सांगतो, गरीब असून भागत नाही, गरीब दिसावं लागतं!

उत्पन्नाचा दाखला होता हो माझ्याकडे, मामलेदाराच्या शिक्क्यासकट! पण ऑपरेशनला मदत देणारी ट्रस्ट म्हणाली, आमचा माणूस घरी येऊन बघेल. आले खांदा कॉलनीतून चारुदत्तसाहेब. म्हटलं, या, उरणच्या खाडीकाठी आमच्या कोळीवाड्यात लपवायला आहे काय? होडी उलटी पडलेली, जाळं उंदरांनी खाल्लेलं... पण माझी आई, सोनाबाई! साहेब दारी येतो म्हणजे तिच्या लेखी सोयरीकच! शेजारच्या गोदूबाईचा हार, भामाच्या पाटल्या, सगळं अंगावर!

"आये, काढ ते!"

"वा रं! सायबासमोर उघड्या गल्यानं बसू? लोकं म्हनतील, गनूची बायको भिकारीन हाय!"

"अगं, तेच तर म्हणायला हवंय!"

ऐकते कसली! त्यात आळीनं पापलेटं आणलेली, कोलंबी आणलेली... पावना उपाशी जायचा नाय! साहेब नको नको म्हणत दोनदा कालवण घेऊन जेवले, ढेकर दिला, आणि लिहिलं काय? 'आहार उत्तम. अंगावर भरपूर सोनं.' मी ओरडलो, "साहेब, दागिने उसने आहेत, मासे शेजाऱ्यांचे आहेत!" तर दात कोरत म्हणतात, "सगळे असंच सांगतात हो." अर्ज नामंजूर! म्हटलं ना, गरीब असून भागत नाही...

बापाला आता अंथरुणातून उठवेना. मी ट्रस्टच्या हातापाया पडलो, पुन्हा चौकशी मिळवली. या वेळी बंदोबस्त! गोदूबाईला म्हटलं, दार लावून बस. आईच्या गळ्यात नुसती काळी पोत, चुलीवर कोरा चहा. आई रडकुंडीला आलेली, "पावन्याला नुसता चा? लाज नाय वाटत तुला?" वाटत होती हो! पण बापाची धाप ऐकू की लाज सांभाळू?

साहेबांनी घर पाहिलं, बाची धाप ऐकली आणि चक्क मान हलवली! "हो, परिस्थिती वाईट आहे." माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. काळ्या झग्यातला माझा फोटो!

"हे कोण?"

झालं! आईची छाती फुगली. "माजा शैलेश! बीए हाय! आख्ख्या कोलीवाड्यात पैला!"

"साहेब, बेकार आहे मी! न्हावा शेवाला रोज कंटेनर येतात, नोकरी येत नाही!"

"पण पदवीधर आहात ना? मग तुम्हाला कमावते धरावं लागतं. नियम आहे." आणि माझ्या नावापुढे पगार लिहून टाकला. घरातल्या भिंती पडक्या, पण उत्पन्न मर्यादेच्या वर! पुन्हा नामंजूर!

दारोदार अर्ज केले हो मी, कुणी उभं केलं नाही, आणि मला पहिला पगार दिला तो या माणसानं... कागदावर!

आणि बा? तो अंथरुणातून, धापा टाकत, डोळे भरून आईला म्हणतो, "सोने... आयकलंस का? पोर कमावता झाला... त्या सायबाला कायतरी गोड खायला घाल गो!"