पंधराव्या लेव्हलचं दुखणं

खोपट डेपोत बस लागत नव्हती, म्हणून माझे कान कामाला लागले. पुढे कॉलेजातली दोघं होती. फासे टाकून राक्षस मारायच्या त्यांच्या खेळाबद्दल चाललेलं.

"हितेश, या रविवारपासून मी खेळायला येत नाही."

"अगं समृद्धी, आत्ता कुठे पंधराव्या लेव्हलला पोचलो. राक्षस आपल्याला टरकतात."

"तिसऱ्या लेव्हलला तू सारखा मरायला टेकायचास. मी वैद्य, तुला वाचवायचे."

"आता माझ्या जखमा आपोआप भरतात. भारी ना?"

"मग मी काय करू, चहा?"

"परत पहिल्या लेव्हलपासून करूया?"

"करू. पण गुहेतला पहिला उंदीर तुला चावला पाहिजे."

"चावेल गं. नाहीच चावला, तर मी हात पुढे करीन."