मल्हारगंजची भरलेली विहीर

नोकरी जाता जाता कशी वाचते ते मला विचार, भिया! मध्य प्रदेश नवा नवा होता आणि मी इंदूरला पाण्याचं संशोधन करणाऱ्या सरकारी हापिसात होतो. दर महिन्याला ठरलेल्या विहिरींत टेप सोडायची आणि पाणी किती खोल गेलं ते लिहायचं, एवढंच काम.

भर मे महिन्यात भोपाळहून मोठे साहेब आले. माझं रजिस्टर बघून भडकले.

"गल्लोगल्ली पाण्याची बोंब चाललीय, अन् तुमच्या एकाही विहिरीचं पाणी उतरत नाही? घरी बसून आकडे लिहिता?"

"नाही साहेब, देवाशप्पथ!"

"चला, आत्ता दाखवा. खोटं निघालं तर उद्यापासून येऊ नका."

मल्हारगंजातल्या एका काकूंच्या विहिरीत मी टेप सोडली. ती जातेय, जातेय, पाणी लागेचना. साहेब रजिस्टरातला माझा आकडा बघत होते.

तेवढ्यात काकू धावत आल्या. "अहो, आज कसे आलात? तुम्ही येणार म्हणून टपालानं कार्ड येतं, ते तर आलंच नाही! कार्ड आलं की दोन दिवस आम्ही विहिरीला हात लावत नाही, नळावरून पाणी आणतो. सरकारी माणूस बघायला येणार, मग रिकामी विहीर दाखवायची? घराची काही इज्जत आहे की नाही?"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "बाकीच्यांनाही आधी कार्ड टाकता?"

"सगळ्यांना, साहेब. हापिसचा नियमच आहे."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "माहीत आहे," ते म्हणाले. "तो मीच काढलाय."