किरकोळ दुरुस्ती

...नाही, पण मला एक सांगा, किरकोळ म्हणजे नेमकं किती? कुणी सांगेल? नाही ना? मग आमच्या मालकांना कसं कळतं? नळ गळतोय म्हटलं, 'किरकोळ आहे हो.' खिडकीला काच नाही म्हटलं, 'किरकोळ आहे हो.' छताचा पोपडा थेट सासूबाईंच्या ताटात पडला, म्हटलं, मालक, आज पोपडा, उद्या अख्खं छत येईल, तर म्हणतात, 'येईल तेव्हा बघू, सध्या किरकोळ आहे.' आणि हे सगळं करारातल्या एका ओळीपायी, बरं का... 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी, मोठी मालकाने करावी.' सही करताना वाटलं, वा, काय न्यायाचं बोलणं आहे! आठ वर्षं झाली, मोठी दुरुस्ती अजून जन्माला यायचीय.

तर तुम्हाला सांगतो, मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारा माणूस, भाषणबिषण मला येत नाही, भाडेकरूंच्या सभेत दोन शब्द बोला म्हणाले म्हणून उभा राहिलो, आणि माझ्याकडे आहेतच दोन... किरकोळ आणि मोठी.

आता आमच्या बाथरूमची कडी घ्या. ती लागते, पण उघडत नाही. अडकली की अडकली. म्हणून घरचा नियम, कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं आणि आत गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. बायको गाते, मुलगी पाढे म्हणते, सासूबाई नुसत्या खोकतात, आणि मी गायला लागलो की पलीकडचा बेकरीवाला भिंतीवर लाटणं आपटतो. आठ वर्षं हो! मालकांना सांगितलं तर, 'किरकोळ आहे हो, छान आवाज लागलाय तुमचा.'

शेवटी बायकोनं तक्रार कार्यालयात अर्ज दिला. दिला सोमवारी, गुरुवारी मालकांची नोटीस हजर, पंधरा दिवसांत खोली रिकामी करा. कारण विचारलं तर म्हणाले, 'कारण सांगायला मी बांधील नाही.' आणि खरंच नव्हते हो, आम्ही चौकशी केली! म्हणजे बघा, तक्रार करायचा हक्क आहे, पण तक्रार करून राहायचा नाही. आता हसत सांगतोय, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. मुलीची शाळा दोन गल्ल्यांवर, पंधरा दिवसांत जायचं कुठं? पोरगी आपली पुस्तकं पिशवीत भरायला लागली, ते मला बघवेना.

पण खाली राहतात निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना बाई म्हणतो. बाईंनी अकराच्या अकरा खोल्यांच्या सह्या घेतल्या, शुद्धलेखन चुकलं म्हणून अर्ज दोनदा लिहायला लावला, त्यात तीन गोष्टी... तक्रार केली म्हणून कुणाला घराबाहेर काढू नये, काढायचंच तर कारण लेखी द्यावं, आणि किरकोळ काय नि मोठं काय हे मालकानं नाही, कार्यालयानं ठरवावं.

मग कार्यालयातून तपासणीला एक मॅडम आल्या. बरोबर मालक, कडक इस्त्रीचा शर्ट... इस्त्री बरी होती, उगाच कशाला खोटं बोला. मॅडमनी विचारलं, कडीचं काय? मालक म्हणतात, 'अहो, नाटकं आहेत यांची, थांबा, मीच दाखवतो,' आणि गेले आत, आणि खट्! आतून आवाज, 'बघा, लागते की नाही?'

लागते हो! लागण्याबद्दल आमची तक्रारच नव्हती.

मग जरा खुडखुड, मग बारीक आवाजात, 'अहो... उघडा.' मी म्हटलं, मालक, किरकोळ आहे हो. 'सुताराला बोलवा!' म्हटलं, किरकोळ दुरुस्ती आमच्याकडे, करारात आहे, रविवारी सुटी असते, रविवारी करतो. सासूबाई दाराशी जाऊन म्हणाल्या, 'गाणं म्हणा, बरं वाटतं.' वीस मिनिटं टिकले, मग आतून डरकाळी, 'दार तोडा! ही काय किरकोळ गोष्ट आहे?'

मॅडमनी पेन काढलं. 'किरकोळ नाही, म्हणजे कशी दुरुस्ती?'

'मोठी! मोठी! खूप मोठी!'

मॅडमनी लिहून घेतलं. बाईंनी वाकून 'ठी' दीर्घ आहे ना ते पाहिलं. मग बेकरीवाल्यानं एका लाथेत दार पाडलं, आठ वर्षांचं माझं गाणं होतं त्या लाथेत.

शरमेखातर मालकांनीच नोटीस रद्द केली, पोरीनं पुस्तकं परत फळीवर लावली. पण म्हणूनच सांगतो, बाईंच्या त्या तीन मागण्यांच्या कागदावर तुम्हीही सगळ्यांनी सह्या करा, नियम सगळ्यांसाठी व्हायला हवा, कारण प्रत्येकाचा मालक काही बाथरूममध्ये अडकणार नाही.

आता दाराचं विचाराल, तर मॅडमनी त्यावर कागद चिकटवलाय, 'पुरावा. दुरुस्तीचा निकाल लागेपर्यंत हात लावू नये.' चार महिने झाले. आधी कडी नव्हती चालत, आता दारच नाही, पडदा लावलाय आणि गाणं दुप्पट मोठ्यानं. काल बायकोला म्हटलं, अगं, अजून किती दिवस गायचं? तर पडद्याबाहेरून म्हणते कशी...

'किरकोळ आहे हो.'