दसऱ्याचं राउटर

...लाइट लागली का, लाइट लागली का, लाइट लागली का! अहो लागली ना बाप्पा! एक हिरवी लागली, एक मिचमिच करून राह्यली, अन् जी लागाले पाहिजे तेवढीच नाही लागली, आता याच्यापेक्षा जास्त कोनत्या भाषेत सांगू ह्या कंपनीवाल्यायले? तुमाले सांगतो, मानूस चिडून चिडून किती चिडन? पहिल्या डावाले चिडलो, दुसऱ्या डावाले चिडलो, मंग चिडनं बी संपलं. आता मले काही वाटत नाही.

झालं असं, का आमचं पोरगं राजकुमार राह्यते कॅनडात. त्याले झाला पोरगा, माहा पहिला नातू. बारसं ठरलं दसऱ्याच्या दिवशी, तिकडं सकाळी, म्हनजे इकडं दिवे लागाच्या टायमाले. अन् बारशात लेकराच्या कानात नाव कोन सांगते? आत्या! आत्या कुठं? आत्या इथं, आदिलाबादकडल्या बेल्यात, माह्या घरात! आमची मयूरी, भैंश्याले दिली तिले, मुद्दाम आली, पैठनी नेसून बसली. नाव ठरलेलं... केशव. माह्या बापाचं नाव. राजकुमारच म्हनला होता, ‘बाबा, आबांचंच नाव ठेवू, मयूरीच सांगन कानात, फोनवरून.’ पाळना कॅनडात, आत्या बेल्यात, अन् मधात कोन? तं हे राउटर!

तुमी म्हनसान, गुर्जी, मोबाइलचं नेट नाही का? हाये ना! अंगनात निंबाखाली उभं राह्यलं का येते, पन चेहरा नाकापरेंतच येते. बारसं काय नाकापरेंत कराचं का?

अन् सकाळी सगळं चालू होतं, बरं का! सकाळी नातू पाह्यला मी, जांभई देऊन राह्यला होता. मंग आमच्या जयवंताबाईनं, म्हनजे आमच्या मंडळीनं, दसऱ्याची पूजा मांडली. आमच्याकडं यंत्र म्हनून जे जे हाये त्याले हळदकुंकू... मोटरसायकल, पानी ओढाचा पंप, शिलाई मशीन, मिक्सर. मिक्सरले हार! झालं, जेवलो, पुरनाची पोळी खाऊन पडलो, उठून पाह्यतो तं नेट गायब.

लावला कंपनीले फोन. तिकडून पोरगी... ‘नमस्कारम सार! राउटर ऑन लो उंदा?’ म्हनलं, उंदी, म्हनजे हाये. ‘रेड लाइट उंदा?’ म्हनलं, लेदु, म्हनजे नाही. आता माहं तेलुगू इथंच संपते, पन तिले वाटलं का ह्याले लै येते, मंग जे सुटली ती, जे सुटली! शेवटी म्हनलं, अम्मा, हिंदी. तं म्हनते, ‘सर, एक बार बंद करके चालू कीजिए.’ केलं. ‘अब लाइट लगी?’ नाही लागली. ‘एक बार और कीजिए.’ अरे, ते राउटर हाये का डोया हाये, का उघडझाप करत बसू? पन केलं. मले काही वाटत नाही.

मंग बोलावला लक्ष्मणराव. लक्ष्मणराव म्हनजे आमच्या गावाचा पहिलेचा केबल टीव्हीवाला, आताचा नेटवाला. सनाचा दिवस, बिचारा नवा शर्ट घालून आला, हातात जम्मीचा, म्हनजे शमीचा, पाला. ‘घ्या गुर्जी, सोनं घ्या.’ म्हनलं, सोनं ठेव तिकडं, लाइट पाहा! पाह्यलं. ‘वानराचं काम हाये,’ म्हनते. ‘वानरं वायरीवर झोके घेतात.’ नव्या शर्टासगट गच्चीवर चढला, खांबापरेंत जाऊन आला. वायर ठीक. भिंतीवरची डब्बी पाह्यली, डब्बी ठीक. डब्बीतून राउटरात येते ती वायर बदलली, तरी लाइट नाही. ‘गुर्जी, कार्डच गेलं असन ह्याचं,’ म्हनते. ‘नवं राउटर आदिलाबादहून आनावं लागन.’ कवा? ‘उद्या. आज दुकानं बंद.’

उद्या! इकडं मयूरी रडाले आली. राजकुमारचा साधा फोन... ‘बाबा, झालं का? पाहुने बसलेत, जान्हवी विचारून राह्यली.’ जान्हवी म्हनजे आमची सून. म्हनलं, होते, होते. काय होते? मयूरी म्हने, ‘बाबा, मी सांगतलं नाही तं दुसरं कोनी सांगन का हो नाव?’ आता काय सांगू पोरीले? मी बी घडीघडी घड्याळाकडंच पाह्यत होतो ना! तेव्हा वाटत होतं मले. आता नाही वाटत.

तवा लक्ष्मणरावानं शेवटचा म्हनून मोबाइलचा टॉर्च मारला राउटरच्या भोकात. मंग म्हनते, ‘गुर्जी, ह्याच्यात तांदूळ हाये.’

‘तांदूळ?’

‘तांदूळ. लाल. कुंकवाचा.’

आमी सगळ्यायनं पाह्यलं जयवंताबाईकडं. तं ती उलट आमच्यावरच! ‘मंग? मिक्सरले वाह्यल्या अक्षता, पंपाले वाह्यल्या, अन् ज्याच्यात माहा नातू दिसते त्याले नको वाहू? चांगल्या वायरी काढल्या, ओल्या फडक्यानं पुसलं, भोकाभोकात हळदकुंकू लावलं, मनोभावे केलं!’ आता बोला! काय बोलता? मयूरीच्या साडीची पिन घेऊन लक्ष्मणराव लागला कोराले, अन् जयवंताबाई वरून... ‘भाऊ, खाली नका पाडू, अक्षता हाये, पायाखाली येईन!’ त्यानं तो दाना काढला, देवापुढं ठेवला, हात जोडले, मंग वायर खोसली. टक् करून बसली. लाइट लागली! लक्ष्मणरावानं मोबाइलवर तपासनी केली. ‘पाहा गुर्जी, आपन इकडून हाक माराची, तिकडून उत्तर आलं का लाइन बरी.’ उत्तरावर उत्तर येऊन राह्यलं! मयूरीनं त्यालेच पुरनाची पोळी चारली.

लागला बाप्पा व्हिडिओ. पाळना, फुगे, पाहुने, सगळं नाकाच्या खालचं बी दिसलं! जान्हवीनं फोन लेकराच्या कानापाशी धरला, मयूरीनं फोनले तोंड लावलं, ‘कुर्र्र्र... केशव!’ जयवंताबाईनं इथं थाळी वाजवली. मी रडलो. हो, रडलो, खोटं कायले सांगू?

अन् पाहुने गेल्यावर राजकुमार हळूच म्हनते, ‘बाबा, एक सांगाचं होतं. इथं दवाखान्यातच नाव लिहून द्यावं लागते. आमी एरन हे नाव लिहून देल्लं. केशव आपलं घरी हाक मारासाठी.’ म्हनलं, बरं. घरी म्हनजे कोनाच्या घरी, हे काही मी विचारलं नाही. मले काही वाटलं नाही.

आता नातू बसते, रांगते. रोज व्हिडिओ लावतो आमी. मी म्हनतो, केशव! जयवंताबाई म्हनते, केशवा, ए राजा! मयूरी भैंश्याहून म्हनते, केशू! पोट्टं काही मान वळवत नाही. मागून जान्हवीनं एरन म्हनलं का गर्रकन वळते. आमचं तोंड पडते, ते दिसत असन तिले. पोर चांगली हाये हो, आमचं मन राखते, म्हनते, ‘बाबा, तुमचा आवाज पोचत नसेल त्याला. नेट चेक करून घ्या ना एकदा.’

म्हनून बोलावतो लक्ष्मणरावाले. आज बी बोलावला. त्यानं भोक पाह्यलं, वायर पाह्यली, तपासनी केली, सगळ्या लाइटी लागल्या, अन् माह्याकडं न पाह्यता म्हनला, ‘गुर्जी, लाइन एकदम ओके हाये.’

म्हनलं, असन... तरी अजून एक डाव पाहा.