कुमुदचं जांभळं पोवळं

या मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकलात की डोळा लागतो — आणि आजची कथा अशी पाण्याखालची, की सांगता सांगता माझाही लागेल! त्या समुद्रात निजलेल्या नारायणाचं नाव घ्या, आणि मला एक सांगा. जपायचं म्हणजे काय करायचं हो? कुलूप लावायचं?

ऐका तर. मालवणात अच्युतराव तिरोडकर म्हणून पोस्टातले निवृत्त गृहस्थ. त्यांची बायको कुमुद. तिनं घरात समुद्र पाळला होता! हसू नका — खरंच! बैठकीत मोठी काचेची टाकी, खारं पाणी, वर निळा दिवा आणि आत पोवळं. अंगठीतला खडा नव्हे हो ताई — जिवंत, जांभळं, फांद्याफांद्यांचं! समुद्रातून ओरबाडलेलं नाही, तो तर गुन्हाच. एका टाकीवाल्यानं दुसऱ्याला दिलेला बोटभर तुकडा, असं घरोघर फिरत आलेलं. दिवेलागणीला त्या फांद्यांवर बारीक बारीक तोंडं उघडायची आणि पाण्यात हलायची... झोपेतल्या बाळाच्या बोटांसारखी. मी पाहिलंय. हातातला चहा गार झाला, तो प्यायचा असतो हेच विसरले!

कुमुदची एक रीत होती. फांद्या दाटल्या की कातरीनं कट्! तुकडा काढायचा आणि टाकी पाळणाऱ्या कुणालाही देऊन टाकायचा. अच्युतराव करवादायचे, "अगं, वाटून संपवशील सगळं!"

ती म्हणायची, "अहो, विरजण कधी संपतं का?"

काय बोलली बघा! आमच्या लहानपणी शेजारची कृष्णाकाकू वाटी घेऊन आईकडे विरजणाला यायची. उन्हाळ्यात आमचं नासलं की आई तीच वाटी घेऊन तिच्या दारात! ते दही कुणाचं हो? आमचं, की तिचं? ... त्या वाटीचा थंडपणा अजून तळहाताला आठवतो. असो. बाबूराव, पेटी जरा हळू.

तर — कुमुद गेली. अच्युतरावांनी कातरी कपाटात ठेवून दिली. कुमुदची मैत्रीण फिलोमिना, तिच्याकडेही टाकी. ती आली, काचेत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अवो, फांद्यो दाटल्यो! मदी पाणी खयसून जातला? कापूक व्हया."

"तिच्या हातचं आहे ते! हात लावायचा नाही!"

झालं! दार बंद.

पोवळं वाढलं, टाकीभर झालं. काय शोभा! अच्युतराव संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचे, त्या निळ्या उजेडात त्याच्याशी बोलायचे. "आज भातात मीठ राहिलं गं..." आणि एके दिवशी दिसलं — मुळाशी पांढरं! दुसऱ्या दिवशी आणखी वर. दाटीत ना पाणी फिरे, ना उजेड पोचे. जपून जपून गुदमरवलं हो!

धावले फिलोमिनाकडे. "फिलूबाय, तिचं पोवळं मरतंय!"

तिनं मनगटाला धरून आपल्या टाकीपुढे नेलं. आत एक जांभळी फांदी हळूहळू डुलत होती. "ही कुमुदबाय नाय तर कोण? तिनाच दिलेली."

अच्युतरावांनी काचेला कपाळ टेकलं. मग म्हणाले, "चल. मला एकट्याला कातरी धरवणार नाही."

घरी आले. पहिल्या फांदीला कातरी लावली आणि डोळे गच्च मिटले! फिलोमिना ओरडली, "डोळे उघडा! बोट कापशात!" रडता रडता हसले हो दोघं. कट्! जिवंत शेंडे तेवढे निघाले, फिलोमिनाकडे गेले, आणखी दोनचार घरी गेले.

मूळ झाड काही वाचलं नाही. देवापुढे उभी आहे, खोटं कशाला सांगू? नुसता पांढरा सांगाडा राहिला. तरी अच्युतराव रोज पाणी बदलायचे, निळा दिवा लावायचे. रिकाम्या समुद्राला!

आणि पावसाळा सरल्यावर फिलोमिना दारात. हातात काचेची बरणी, बरणीत बोटभर जांभळा तुकडा.

"घेवा," म्हणाली. "विरजण!"

त्या संध्याकाळी त्या तुकड्यानं तोंडं उघडली, मंडळी...

आता तुमच्याकडे येते! माना खाली घालू नका. आक्का, ते सुनेला न सांगितलेलं मसाल्याचं प्रमाण! नाना, तुमच्या गळ्यातली ती जुनी चाल, जी कुणाला शिकवली नाहीत! दाटलंय हो आत. मुळाशी पांढरं चढायच्या आधी उठा. शेजारचं दार वाजवा.

आणि वाटी रिकामी नेऊ नका — भरून न्या!