सुटलेला कंस

दुर्साफ : मग सांग ना, मेलेल्या बाईची चूल माझ्या फोनवर कशी पेटली?

नौफल : कुठली मेलेली बाई?

दुर्साफ : मब्रूका मावशी. गाबेसची. हिवाळ्यात आपण दोघं तिच्या दफनाला गेलो होतो. आणि आज आपल्या घरगुती जेवणाच्या ॲपवर, ‘जवळपास काय शिजतंय’ म्हणून विचारलं, तर सगळ्यात वर तीच! गाबेस कुठच्या कुठे, मी इथे स्फाक्समध्ये बसलेय, नौफल.

नौफल : नोंद बदलायची राहिली असेल. बघतो मी.

दुर्साफ : मी बघितली. नोंदीत ‘बंद’ असंच आहे. फिल्टर चुकलाय. तुझा.

नौफल : आधी कॉफी तरी घे, थंड होतेय.

दुर्साफ : मी अटी दोनच लिहिल्या होत्या. स्वयंपाकघर चालू असावं आणि घर जवळ असावं. तिसरी कुणी घातली? ‘आणि वस्ती रुळांपलीकडची नसावी’?

नौफल : पैसे घालणाऱ्यांनी सांगितलं. तिकडचं जेवण म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणे. अगं, पण मी कुणाला काढलेलं नाही! सगळ्या बायका जागच्या जागी आहेत. फक्त दाखवत नाही.

दुर्साफ : माझी आई पलीकडे राहते.

नौफल : माहीत आहे.

दुर्साफ : असणारच. परीक्षेच्या दिवसांत तिच्याच हातचं गिळत होतास. कुसकुसातलं मटण नेहमी तुझ्या बाजूला सरकवायची. आपल्या ॲपमधली पहिली नोंद तिची आहे.

नौफल : तुला दुखवायचं नव्हतं मला.

दुर्साफ : म्हणून चौथी अट? वाच की. मोठ्याने वाच.

नौफल : नको ना, दुर्साफ.

दुर्साफ : ‘किंवा, बघणारी दुर्साफ असावी.’ मला आई रोज दिसायची रे! तिला एक ऑर्डर येत नव्हती, आणि मी तिला सांगायचे, उम्मी, तू दिसतेस, सगळं नीट चाललंय. मी सांगायचे. माझ्या तोंडाने.

नौफल : कळलं कसं तुला?

दुर्साफ : काल कोड आवरताना कंस उडवलास. तिसऱ्या अटीला बांधलेला ‘किंवा’ सुटा पडला, आणि माझ्यापुरत्या सगळ्याच अटी गळल्या. बंद, लांबचं, सगळं दिसायला लागलं. कंस विसरू नकोस म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ओरडतेय तुझ्यावर. बरं झालं, नाही ऐकलंस.

नौफल : काढतो. दोन्ही अटी आत्ता काढतो, तुझ्यासमोर.

दुर्साफ : आधी माझ्या नावाची.

नौफल : ...काढली. बघ.

(ती फोनवरची यादी वरपासून खालपर्यंत सरकवते.)

दुर्साफ : हं. गेली आई.

नौफल : आता वस्तीचीही काढतो.

दुर्साफ : थांब. आधी तिला इथे आणून हे दाखवते. ऑर्डर येत नाहीत म्हणून रमजानपासून ती आपल्या हातच्या मिठाला दोष देतेय.